ऑफिसातला चेअर मसाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महापे एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत ॲडमिन बघते. आमच्याकडे दर पंधरवड्याला चेअर मसाजवाले येतात, ही बातमी शेजारच्या इमारतींत कशी पोचली देव जाणे, पण रबाळ्यापासून बेलापूरपर्यंतच्या ॲडमिनवाल्यांचे फोन येतात. विचारणा बहुतेक तीच असते, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. दुखण्याखुपण्याचा भाग आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंना दाखवून घेतला आहे, बाकीची मतं माझी.

चेअर मसाज म्हणजे काय? कपडे काढावे लागतात का?

लोक दुसरा प्रश्न आधी विचारतात, तोही आवाज खाली करून. नाही, कपडे काढावे लागत नाहीत. तेल नाही, चादर नाही, झोपायचं नाही. घडीची एक खास खुर्ची असते. तिच्यावर उलटं, म्हणजे छाती टेकवून बसायचं. चेहरा ठेवायला पुढे गोल गादी असते, हात समोरच्या फळीवर विसावतात. थेरपिस्ट मागे उभं राहून कपड्यांवरूनच मान, खांदे, पाठ, दंड आणि हाताचे पंजे दाबतात. पंधरा मिनिटांत काम संपतं आणि माणूस आपल्या जागेवर परत जातो.

ही पद्धत अमेरिकेतल्या डेव्हिड पामर यांनी रुजवली. त्यांच्या हातात ‘आन्मा’ या पारंपरिक जपानी मालिशची तालीम होती, आणि आन्मा मुळात अंगावरच्या कपड्यांवरूनच करतात. १९८६ मध्ये त्यांनी या कामासाठी खास बनवलेली खुर्ची आणली. मालिश आपल्याला काही नवी नाही: बाळ-बाळंतिणीची मालिश, नरकचतुर्दशीचं अभ्यंग, सलूनमधली चंपी. नवं काय, तर ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या खर्चाने आणि कपड्यांची इस्त्री न मोडता.

‘मसाज’ म्हटलं की फ्लोअरवर लोक हसतात. काय करायचं?

हसू द्या. हायवेवरच्या पाट्यांनी त्या शब्दाची जी गत केली आहे, ती एका ईमेलने सुधारणार नाही. आम्ही सूचनेत ‘मान-खांद्यांचा चेअर मसाज, कपड्यांवरून, १५ मिनिटं’ एवढंच लिहिलं. ‘वेलनेस अनुभव’, ‘स्वतःला लाडावा’ असलं काही घालू नका, त्याने हशा वाढतो. पहिल्या दिवशी एका वरिष्ठ मॅनेजरना आधी बसवा. आमच्याकडे नंतरच्या खेपेला फायनान्सचे साहेब बसले, उठताना कपाळावर गादीचा गोल वळ होता. तो वळ घेऊनच ते मीटिंगला गेले आणि दुपारपर्यंत यादी भरली.

खुर्चीत बसून काम, ना ओझं ना धावपळ. तरी खांदे एवढे का आखडतात?

बसून काम म्हणजे स्नायूंना सुट्टी, हा गैरसमज आहे. डोकं साधारण पाच किलोचं असतं, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या मोठ्या पिशवीएवढं. ते मानेवर सरळ असेल तर हाडं भार वाहतात. लॅपटॉपकडे वाकलं की तो भार मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंवर येतो. शिवाय माऊस दूर असला की उजवा खांदा किंचित वर उचललेला राहतो. किंचितच, पण आठ तास.

स्नायूतले काही बारीक तंतू हलक्या कामालाही सगळ्यांत आधी लागतात आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत सुटत नाहीत. संशोधकांनी त्यांना ‘सिंड्रेला तंतू’ म्हटलं आहे. आपल्याकडे मोठी सून म्हणता आलं असतं: सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या शेवटी पाठ टेकते. जोर लावून पाच मिनिटं गोणी उचलणारा नंतर बसतो तरी. ही बिचारी दिवसभर हलकं काम करत राहते. त्यात डेडलाईन आली, मन ताठ झालं, की खांदे आपोआप कानांकडे सरकतात.

आणि नवी मुंबईत ऑफिसच्या आधीचाही एक तास धरायला हवा. आमची निम्मी माणसं डोंबिवली-कल्याणहून येतात. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरला घणसोली नाहीतर कोपरखैरणे. एका हाताने कडी, दुसऱ्या हातात फोन, पाठीवरची लॅपटॉपची सॅक पुढे घेतलेली. नऊला पंच करतात तेव्हाच मान अर्धी आखडलेली असते.

ताण खरंच कमी होतो, की नुसतं बरं वाटतं?

‘नुसतं बरं वाटणं’ याला मी कमी लेखत नाही, पण प्रश्न रास्त आहे. या विषयावर मियामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांच्या चमूचा १९९६ चा अभ्यास सारखा सांगितला जातो. २६ जणांना आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे, १५ मिनिटं चेअर मसाज दिला. दुसऱ्या २४ जणांना तेवढाच वेळ खुर्चीत नुसतं सैल बसायला सांगितलं. पाच आठवड्यांनी उदासी दोन्ही गटांत उतरली. कामाचा ताण मात्र मसाजवाल्यांतच कमी झाला. मसाजनंतर त्यांनी गणितंही अधिक झटपट आणि अचूक सोडवली. ५० माणसांचा अभ्यास आहे, त्यावर पूर्ण इमारत उभी करू नये. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त आवडते. नुसतं पंधरा मिनिटं शांत बसू दिलं तरी माणसाची उदासी उतरते. हे फुकटात होतं आणि आपण तेही देत नाही.

पुढे २००४ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. एका बैठकीने त्या वेळची घालमेल, रक्तदाब आणि नाडीचे ठोके थोडे उतरतात, असं त्यात दिसलं. मात्र ‘मसाजने कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) झपाट्याने घटतं’ हे जे प्रत्येक व्हेंडरच्या पीपीटीत असतं, ते २०११ च्या आढाव्यात टिकलं नाही. परिणाम जवळपास शून्याइतका निघाला. पाठदुखीचं बोलाल तर वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात थोड्या दिवसांपुरता आराम दिसतो, पण पुरावे कच्चे आहेत.

थोडक्यात व्हेंडरने ‘डिटॉक्स’ म्हटलं, किंवा ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतो’ म्हटलं, की त्याला चहा पाजून परत पाठवा. धावल्यानंतर स्नायूंत तयार झालेलं हे लॅक्टेटसुद्धा शरीर तासाभरात स्वतःच संपवतं. आणि बसून काम करणाऱ्याच्या खांद्यात ते साठलेलंच नसतं.

किती दिवस आराम टिकतो?

आमच्या लोकांच्या सांगण्यावरून दीड-दोन दिवस. खुर्ची चुकीची असेल तर संध्याकाळपर्यंतही नाही. म्हणून मसाज सुरू करायच्या आधी आम्ही लॅपटॉप स्टँड आणि वेगळे कीबोर्ड घेतले. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर टेबलाच्या उंचीला, पाय जमिनीला टेकलेले. आमच्याकडच्या बुटक्या मुलींचे पाय लोंबकळायचे. त्यांना फुटरेस्ट दिले आणि मांडीच्या तक्रारी थांबल्या. फुटरेस्ट न घेता मसाज आणणं म्हणजे नळ न बदलता रोज फरशी पुसणं.

कोणी बसू नये?

हा भाग वाचून घ्या, इथे मजा नाही.

ताप असेल, त्वचेवर गजकर्ण, नागीण किंवा उघडी जखम असेल, तर त्या दिवशी नाही. नुकतं ऑपरेशन झालं असेल, हाड मोडलं असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, किंवा औषधाने रक्तदाब आटोक्यात आलेला नसेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते, तर ती दाबून घेऊ नका. रक्ताची गुठळी असू शकते. चेअर मसाजमध्ये पाय घेत नाहीत, तरी लोक ‘जरा पोटरी पण’ म्हणतात. थेरपिस्टना आधीच सांगून ठेवा.

मानेपासून हातात वीज गेल्यासारखं वाटणं, मुंग्या, पकड सैल होणं हे आखडलेल्या स्नायूचं लक्षण नव्हे. नस दबलेली असू शकते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते, ते मनगटात नस दबण्याचं दुखणं, म्हणजे कार्पल टनेल असू शकतं. दोन्हींसाठी डॉक्टर.

आणि डावा हात किंवा जबडा दुखतोय, छातीत दडपण, घाम, अशा माणसाला खुर्चीवर बसवायचं नाही, रुग्णालयात न्यायचं. हे मी उगाच लिहीत नाही. ‘खांदा भरलाय’ म्हणत एक सहकारी रांगेत उभे होते. थेरपिस्ट मुलीने चेहरा बघूनच त्यांना बसवायला नकार दिला आणि मला बोलावलं. ते आता ठणठणीत आहेत, वडापाव सोडून.

गरोदर असताना?

पहिले तीन महिने बहुतेक थेरपिस्ट स्वतःच घेत नाहीत. नंतर डॉक्टरांची परवानगी असेल तर चालतं, पण पोट टेकवून बसायचं नाही. साध्या खुर्चीत बसवून फक्त खांदे आणि हात. पाळी चालू असेल तर काही अडचण नाही, हे वेगळं सांगावं लागतं म्हणून सांगते.

मान ‘कडकन’ मोडून मिळेल का?

मिळणार नाही, आणि कुणी देत असेल तर घेऊ नका. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान डावीकडे एक झटका, उजवीकडे एक झटका, तो आवाज ऐकून बरं वाटतं खरं. पण मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने क्वचित त्या आतून फाटतात आणि पक्षाघात होऊ शकतो. क्वचितच, पण ऑफिसात कशाला? आमच्या पहिल्या व्हेंडरच्या एका मुलाने दुसऱ्याच दिवशी कुणाची तरी मान कडकन मोडली. काही झालं नाही, पण तो मनुष्य आठवडाभर घाबरून होता आणि मी महिनाभर. आता करारात ओळच आहे: झटका नाही, कोपराने मणक्यावर दाब नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला हात नाही.

जागा कोणती द्यावी?

आम्ही आधी चूक केली. काचेची कॉन्फरन्स रूम दिली. अख्खा फ्लोअर बघतोय आणि आत माणूस उलटा बसलाय; पहिल्या दिवशी तीस जागांपैकी नऊच भरल्या. मग मेडिकल रूममध्ये हलवलं. आठ बाय आठ फूट पुरते. दाराला अर्धी फ्रॉस्टेड काच हवी: आत कोण आहे ते ओळखू येऊ नये, पण खोली पूर्ण बंदही नको. आतून कडी लागता कामा नये. एसी थेट पाठीवर नको. बाम-बिम काही लावायचं नाही, नाहीतर अमृतांजनचा वास डक्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

एक बारीक गोष्ट: खुर्ची बाहेरची असेल तर गेटवर रिटर्नेबल गेटपास आधीच करून ठेवा. आमचा पहिला पाऊण तास सिक्युरिटीला ‘ही खुर्ची घडी होते, हत्यार नाही’ हे पटवण्यात गेला.

एका दिवसात किती जण होतात?

पंधरा मिनिटं मसाज, पाच मिनिटं अदलाबदल, गादीवरचं कव्हर बदलणं, हात धुणं. तासाला तीन. थेरपिस्टही माणूस आहे. अंगठ्यांनी दिवसभर दाबून त्यांचेच सांधे जातात. प्रत्यक्ष पाच तासांवर काम देऊ नका, म्हणजे एका हाताखालून पंधरा जण. साठ जणांचं ऑफिस असेल तर दोन थेरपिस्ट, दोन दिवस. ‘आमचा मुलगा दिवसाला तीस करतो’ असं व्हेंडर म्हणाला तर शेवटच्या दहा जणांना काय मिळतं याचा विचार करा.

थेरपिस्ट कसे निवडायचे?

फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक मागता येतो. मसाज थेरपिस्टला तसा सरकारी परवाना नसतो. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बघा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतः बसून बघा. चांगला थेरपिस्ट हात लावण्याआधी विचारतो: कुठे दुखतं, काही आजार, दाब किती हवा? न विचारता सुरू करणारा कितीही बलदंड असो, नको.

दृष्टिहीन थेरपिस्टचाही जरूर विचार करा. जपानमध्ये आन्मा हा अंध व्यक्तींचा शतकानुशतकांचा व्यवसाय आहे, आणि मुंबईतही अंधांना मसाज शिकवलेला आहे. आमच्याकडे येणाऱ्या दोघांपैकी एक जण दृष्टिहीन आहेत आणि त्यांचीच यादी आधी भरते. बोटांना गाठ लगेच सापडते हे कारण लोक देतात. मला वाटतं ‘आपल्याला कुणी बघत नाही’ हेही असावं. स्टेशनवरून आणायला-सोडायला माणूस पाठवायचा, एवढं पथ्य.

पुरुष थेरपिस्ट, महिला कर्मचारी: अडचण येत नाही का?

निवड कर्मचाऱ्याची, कारण विचारायचं नाही. एक महिला आणि एक पुरुष असे दोन थेरपिस्ट ठेवले की प्रश्न बहुतांशी मिटतो. नाव नोंदवताना तीन पर्याय द्या: महिला, पुरुष, कोणीही. मध्येच ‘बस, थांबवा’ म्हणता येतं हे खोलीत मराठी-हिंदीत लिहून लावा.

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, ते तुम्हाला माहीत असेलच. त्यात बाहेरून आलेल्या थेरपिस्टविरुद्ध तक्रार करता येते, आणि आपल्या कर्मचाऱ्याने थेरपिस्टबाईंशी आगाऊपणा केला तर त्याही करू शकतात. ही दुसरी बाजू लोक विसरतात. त्या मुलींनी काय काय ऐकलेलं असतं, ते एकदा चहा पिताना विचारा. समितीतल्यांचे नंबर आम्ही त्यांनाही देतो.

यायलाच हवं का?

अजिबात नाही. काहींना कुणी हात लावलेला आवडत नाही, काहींना गुदगुल्या होतात, काहींना आणखी काही कारण असेल. ‘टीममधले सगळे गेले, तूच राहिलास’ हे मॅनेजरने म्हणायचं नाही. ज्यांना नको त्यांना तीच पंधरा मिनिटं नुसती मोकळी द्या. वर मियामीचं सांगितलंच.

तब्येतीचा फॉर्म एचआरकडे जातो का?

जाऊ नये. आमच्याकडे तो कागदावरच असतो, थेरपिस्ट वाचतात आणि संध्याकाळी श्रेडरमध्ये जातो. एचआरला फक्त किती जण आले तो आकडा कळतो. एकदा वरून विचारणा झाली होती की कुणाला बीपी आहे ते एक्सेलमध्ये मिळेल का. मिळालं नाही.

खर्च कोणाचा? जीएसटी?

पूर्ण कंपनीचा असेल तर उत्तम. निम्मे पैसे कर्मचाऱ्याकडून घेतले की ज्यांना सर्वांत गरज आहे तेच येत नाहीत. दर माणशी ठरवू नका, दिवसाचा ठरवा; माणशी दरात थेरपिस्टला घाई सुटते. जीएसटीचं म्हणाल तर कलम १७(५) मध्ये आरोग्यसेवा, सौंदर्योपचार, फिटनेस सेंटरचं सदस्यत्व अशा गोष्टींवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, सहसा अडवलेलं आहे. बिलावर वर्णन काय येतं ते आधी सीएंना दाखवा.

त्यापेक्षा मॉलमधली मशीनची खुर्ची घेतली तर?

आम्हीही मागवली होती, डेमोला. दोन आठवडे रांग, मग तिच्यावर कुरिअरची खोकी. मशीन विचारत नाही ना कुठे दुखतं.

हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीनवाले? ते कंत्राटी आहेत.

त्यांचीही मान पगारावरच्या माणसांसारखीच असते. उलट बारा तास उभा असलेला गार्ड आणि दिवसभर मॉप पिळणारी मावशी यांच्या पाठीशी तुलना केली तर आमची एक्सेलवाली दुखणी किरकोळ. आम्हालाही हे सुरुवातीला सुचलं नव्हतं. खोली झाडायला आलेल्या मावशींनी थेरपिस्टला विचारलं, ‘हे आमच्यासाठी पण असतं का गं?’ तिने मला विचारलं. एजन्सी म्हणाली आमच्या बिलात बसत नाही, तर आम्ही आमच्या यादीत नावं घातली. आता दुपारी तीन ते चार त्यांचा तास. त्या वेळी पॅन्ट्रीत चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. यावरून दोन ईमेल आले, उत्तर दिलं नाही.

नाईट शिफ्टला ठेवता येतं का?

येतं, रात्री अकरा ते एक बरं पडतं. पण थेरपिस्टना घरी सोडायची कॅब तुमची.

येण्याआधी काय पाळायचं?

जेवणानंतर तासभर थांबा, कारण पोट दाबलं जातं. उपवास असेल तर काहीतरी खाऊन या. श्रावणी सोमवारी आणि नवरात्रात खुर्चीवरून उठताना चक्कर आलेल्या दोघी-तिघी मी सावरल्या आहेत. उठण्याआधी मिनिटभर बसून राहायचं, प्रत्येकानेच. आयडी कार्डाची दोरी, चष्मा, लांब कानातलं काढा, ओढणी बाजूला ठेवा. गजरा असेल तर तोही, नाहीतर गादीवर मोगऱ्याचा चुरा होतो आणि पुढच्याला शिंका येतात.

उपयोग होतोय हे मॅनेजमेंटला कसं दाखवू?

बसण्याआधी आणि उठल्यावर ‘मान-खांदे किती दुखतात, शून्य ते दहा’ असा आकडा नावाशिवाय चिठ्ठीवर घ्या. खुर्चीवरून उठल्याउठल्या सगळेच कमी आकडा देतात, फुकटच्या जेवणाला कोणी नावं ठेवत नाही. म्हणून दोन दिवसांनी परत विचारा, तो आकडा खरा. उत्पादकता वाढल्याचा आलेख काढायला बसू नका. त्या तिमाहीत काय वाढलं, काय घटलं, त्याला पन्नास कारणं असतात. आमच्या साहेबांना मी एवढंच दाखवते की नावं नोंदवून न येणारे किती. चार वर्षांत पंधरवड्याला एखाददुसरा. आमच्या इतर कुठल्याच ट्रेनिंगला ही हजेरी नाही.

आणि टीमचे आकडे सतत वरच राहत असतील तर मसाजचे दिवस वाढवू नका, त्या टीमची शिफ्ट बघा. आमच्याकडे एका टीमचा आकडा दोन महिने सातच्या खाली येईना. चौकशी केली तर रोज रात्री साडेनऊला परदेशी क्लायंटचा कॉल. कॉल आठवड्यातून दोनदाच ठेवला, आकडा चारवर आला. त्यात मसाजचं श्रेय काही नाही, पण चिठ्ठ्या नसत्या तर कळलंच नसतं.

कोणता वार चांगला?

बुधवार किंवा गुरुवार. सोमवारी लोक मेलमध्ये बुडालेले, शुक्रवारी घरून काम. महिनाअखेर टाळा, अकाउंट्सवाले येत नाहीत आणि नंतर वर्षभर ऐकवतात. पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की दिवस वाया जातो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये ‘रद्द झाल्यास पुढची तारीख, जादा आकार नाही’ हे व्हेंडरकडून लिहून घ्या.